मृत्यूनंतर, हवामानाआधी

बस तिथेच. जनरेटरवाला जेवायला गेलाय, म्हणजे आता वीज त्याच्या ढेकरेनंतरच येणार. तो दिवा जरा माझ्याकडे सरकव. या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे बाहेर टळटळीत दुपार असली तरी इथे काळोखच. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या, त्यात उजेडही बाहेरच राहिला. वास येतोय ना? जुन्या गालिच्याचा, तापलेल्या धुळीचा आणि वर्षानुवर्षं इथे बसून बोललेल्या माणसांच्या तोंडाचा. होईल सवय. उद्यापासून दिनविशेष तुलाच वाचायचाय.

सकाळी तू विचारलंस, "ताई, तुम्ही मृत्यू वाचता आणि श्वासही न घेता थेट हवामानावर उडी मारता, असं का?" तेव्हा मी तुला झटकून टाकलं. आपलं काम कर म्हटलं. पण काही न सांगता तुला त्या खुर्चीत बसवणं बरं नाही. म्हणून सांगते. मध्ये मध्ये "अय्या" आणि "खरंच?" करू नकोस, मला चीड येते.

दिनविशेष म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे. आधी घटना, मग जन्म, मग मृत्यू. या तारखेला कुठला पूल खुला झाला, कुठल्या राणीनं मुकुट घातला, कुठलं जहाज बुडालं. मग कोण शास्त्रज्ञ जन्मला, कोण गवई जन्मला. मग कोण गेलं. हयातीत ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं असे लोक एका तारखेत दाटीवाटीनं बसलेले. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू? सकाळी गावभर चहाची भांडी खळखळत असताना आपण राजेरजवाडे हातावर घेऊन बसलोय, याची एक मस्ती असते.

मला हे शिकवलं मोठ्या बाईंनी. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्यांच्यासमोर खोकलाही परवानगी काढून यायचा. त्यांचा एक नियम होता, आणि तो फक्त आपल्याच रेडिओ केंद्रावर पाळला जायचा. मृत्यू वाचून झाले की एक पूर्ण श्वास सोडायचा. बोलायचं नाही, कागद वाजवायचा नाही. म्हणायच्या, "अगं, मेलेल्या माणसाच्या उरावर लगेच ढगाळ हवामान टाकू नये. त्याला दारापर्यंत तरी जाऊ दे." दुसऱ्या केंद्रांवरचे लोक हसायचे आम्हाला. आम्ही आपले सोडायचो श्वास. बाई गेल्या, नियम राहिला.

आणि मग ते फोन सुरू झाले.

एका सकाळी मी हवामान संपवून बाहेर आले, तर खाली टेलिफोनवर बसते ना ती मावशी, ती धापा टाकत जिना चढून आली होती. म्हणाली, "ताई, एक भाजीवाली होती फोनवर. रडत होती. म्हणाली, ताईंना सांगा, माझ्या आईचं नाव घेतलंत, तुमचं भलं होवो." मी म्हटलं, "कुठल्या भाजीवालीच्या आईचं नाव मी घेतलं? आज एक सेनापती आणि एक नकाशे काढणारा, एवढेच गेले होते." आम्ही हसलो. जगात वेड्यांना काय तोटा!

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त मास्तरांचा फोन. त्यांच्या बायकोचं नाव. मग एका ड्रायव्हरचा, त्याच्या मित्राचं. मग रोजच. प्रत्येकाचं म्हणणं तेच. थोर लोकांचे मृत्यू वाचून झाल्यावर तुम्ही जरा थांबलात, आणि मग आमच्या माणसाचं नाव घेतलंत. आजच त्याचा दिवस असतो. तुम्हाला कसं कळलं हो?

मी एकीला विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

"तुमचाच की," ती म्हणाली. "फक्त… जवळून. रेडिओतून नाही. कानाला तोंड लावल्यासारखा."

दुसरीनं विषय तिथेच सोडला असता. पण मी हट्टी. कंट्रोल रूमचे काका आठवतात का तुला? ते जाड चष्म्याचे. त्यांना म्हटलं, पहिल्या फोनच्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावा. आम्ही दोघांनी कानांना हेडफोन लावून ऐकलं. सेनापती गेला, नकाशेवाला गेला, आणि मग शांतता. नुसती. इतकी की स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू यावं. मग माझं ढगाळ हवामान. मी म्हटलं, "बघा, काही नाही." काकांना ते पटलं नाही. त्यांनी पुन्हा लावलं, आणि बोटानं मला समोरची तबकडी दाखवली. आवाज असला की तिच्यावरचा काटा नाचतो, नसला की पडून राहतो. शांतता सुरू झाली. काटा पडला… आणि हळूहळू उठला. थरथरत राहिला, कुणी अगदी हलक्या आवाजात एकामागून एक काहीतरी वाचत असल्यासारखा.

काकांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "जुनं झालंय यंत्र." आणि चष्मा पुसत बसले.

आपल्या तेव्हाच्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना काय झालं असेल? भीती? छे! आनंद. त्या माणसाला मेलेल्यांतही श्रोते दिसले. म्हणाले, "ताई, हा श्वास जरा लांबवा. लोक रेडिओला चिकटून बसलेत." पंधरवड्यात त्या श्वासाला जाहिरातदार मिळाला. विमा कंपनी! 'मृत्यू' संपले की मी म्हणायचं, "यानंतरची शांतता तुमच्यापर्यंत पोहोचवत आहेत अमुक अमुक," आणि मग गप्प बसायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं मी पुस्तकात वाचलं होतं, इथे ते रोज सकाळी माझ्याच तोंडून व्हायला लागलं.

मी केलं. नोकरी होती. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मला एक मुलगी आहे. इथे कुणाला माहीत नाही, तूही गावभर करू नकोस. आहे म्हणते मी, होती नाही. एकोणिसावं सरून विसावं लागलं त्या दिवशी ती घरातून गेली. वडिलांशी तिचं पटत नव्हतं. तिला शिक्षण सोडून एका नाटकमंडळीबरोबर जायचं होतं, आणि आमचे हे म्हणजे जमदग्नी. आदल्या रात्रीपासून घर पेटलेलं. सकाळी मी निघाले तेव्हा ती दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, आज तरी नको ना जाऊस. तू गेलीस की बाबा मला घराबाहेर काढतील." मी म्हटलं, "असं कुणी काढत नसतं. आल्यावर बोलू." आता काय करणार होते मी? दिनविशेष कुणासाठी थांबतो का? तुला उद्या कळेल. लाल दिवा लागला की घरी आग लागलेली असली तरी आपण वाचायचं असतं. मी परत आले तर तिची खोली मोकळी. हे खिडकीकडे पाठ करून बसलेले. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. ना कुणाकडून बरी बातमी, ना वाईट.

मग आम्ही घर बदललं. नव्या शेजारच्या वहिनी एकदा मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "फार वाईट वाटलं हो तुमच्या मुलीचं ऐकून. तापानंच गेली ना?" माझ्या हातातली सुरी तिथेच राहिली. ह्यांनी सांगितलं होतं. लोकांनी चौकशा करू नयेत म्हणून जिवंत पोरीला तापानं मारून मोकळे झाले होते. त्या दिवशी मी ह्यांना जे बोलले ते तुला सांगण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्यापुरतं तेच खरं आहे." त्यानंतर आमच्या घरात दोन माणसं राहतात, संसार नाही.

तर ते फोन सुरू झाले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. सगळ्या गावाला आपापली मेलेली माणसं ऐकू येतात. मग मलाही ऐकू येईल. तिच्या वाढदिवशी; ती घरातून गेली तीच ती तारीख, दुसरी माझ्याकडे नव्हतीच. तिचं नाव आलं, तर रडून मोकळी होईन. नाही आलं, तर ती आहे. कुठेतरी जेवते, झोपते, कुणावर तरी चिडते. एका श्वासाचा प्रश्न. पण मेख अशी की खोलीत बसून वाचणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. ते घरच्या रेडिओवरच येतं. म्हणजे तिच्या वाढदिवशी मला रजा काढून घरी बसायला हवं होतं.

त्याआधी एक गंमत झाली, गंमतच म्हणायची. एका शिंप्यानं फोन करून आभार मानले, त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं म्हणून. दुपारी तो भाऊ स्वतः केंद्रावर हजर! लालबुंद. "मी धडधडीत जिवंत आहे आणि तुम्ही मला मेलेल्यांत वाचता? माझी बायको शेजारी ऐकून आली की माझा भाऊ सगळ्यांना हेच सांगत सुटलाय!" साहेबांनी त्याला चहा पाजला. मी विचारलं, "आजची तारीख तुमच्या घरात काही खास आहे का?" तो म्हणाला, "खास कसली! याच तारखेला आम्ही घराच्या मधोमध भिंत घातली. तेव्हापासून थोरल्याचं आणि माझं बोलणं नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे तो आवाजही चुकतो तर." मलाही तेवढंच वाटलं. पुढचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला नाही.

तिची तारीख आली. मी रजा टाकली. माझ्या जागी बदलीचा निवेदक वाचणार होता, चांगला भारदस्त आवाजाचा माणूस. आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ फळीवर असतो. मी गॅस बंद केला, नळ घट्ट पिळला, खिडकी लावली. हे चहाचा कप घेऊन समोर बसले होते. मी घरी का, असंही त्यांनी विचारलं नाही. चहा उकळल्याचा वास तेवढा कोंडून राहिला होता.

घटना झाल्या. जन्म झाले. लहानपणी तिला फार वाटायचं की तिच्या वाढदिवशी मी तिचंही नाव जन्मांत घ्यावं. मी म्हणायचे, त्याला आधी मोठं व्हावं लागतं, बाळ. मग मृत्यू. एक वैद्य. एक दर्यावर्दी. विमा कंपनीचं नाव. आणि शांतता.

मी फळीला दोन्ही हातांनी धरलं होतं. माझी छाती इतकी धडधडत होती की त्या आवाजात नाव हरवेल अशी भीती वाटली. रेडिओतून हलकी खरखर येत होती. बाकी काही नाही. काही नाही… काही नाही… मग त्या भारदस्त गळ्यानं सांगितलं की आज आकाश निरभ्र राहील.

देवा! मी तिथेच खाली बसले. ती आहे. माझी पोर आहे! इतक्या वर्षांत मी हसले नव्हते तशी हसले एकटीच. आणि मग मागे कप फुटला.

हे उभे होते. चहा पायांवर सांडलेला, भाजत असणार, पण त्यांना भान नव्हतं. तोंड पांढरंफटक. माझ्याकडे बघत होते ते.

"तू… का घेतलंस तिचं नाव?"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तुझाच आवाज होता. तू त्या रेडिओतून… तिचं नाव…" त्यांनी फळीकडे बोट केलं. "तापानं गेली म्हणालीस."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंपी, त्याचा भाऊ, ती भिंत. तो आवाज मेलेल्यांची नावं घेत नव्हता. ज्यानं ज्याला मनातून पोचवून हात धुतलेत, त्याचं नाव त्याला ऐकवत होता, ज्या दिवशी पोचवलं त्या दिवशी. मग तो खरंच मेलेला असो की जिवंत. आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं! मी तिला कधी पोचवलं नव्हतं ना. मी ह्यांना तोंडावर म्हटलं, "बघा. तुमच्या मनातलं मढं तुम्हालाच ऐकू आलं. माझ्या मनात ती जिवंत आहे." ते डोकं धरून खुर्चीत बसले. मला दया आली नाही. उलट गोड वाटलं, काय वाटायचं ते वाटू दे तुला.

पण ती खरोखर जिवंत आहे का, हे काही त्यातून कळलं नव्हतं. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला दुपार उजाडली. मग मला घर खायला उठलं. रजा असूनही मी साडी बदलली आणि इकडे आले.

केंद्र सुस्तावलेलं होतं. मावशी टेलिफोनच्या खोलीत एकटी बसली होती. मला बघून ती अशी दचकली की हातातला रिसीव्हर टेबलावर पडला.

"ताई… तुम्ही आज येणार नव्हता ना?"

"आले. भूत बघितल्यासारखं काय करतेस? फोन आले का?"

"आले की. नेहमीसारखेच." तिनं वर बघितलं नाही. टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "एक जरा… ताई, रागवू नका. एका मुलीचा आला होता. लांबून. पोरगी नव्हे, बाईच म्हणायची, मागे लहान मूल रडत होतं तिचं. म्हणाली, आभार मानायचेत. आज तुम्ही माझ्या आईचं नाव घेतलंत."

मी म्हटलं, "मग? रोजच येतात असे."

"हो. मीही म्हटलं, बरं झालं, सांगते. मग सहज विचारलं, बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या का आई? तर म्हणाली, हो, बरीच वर्षं झाली. लक्षात राहायला सोपं आहे, म्हणाली, त्याच दिवशी माझा वाढदिवस असतो."

खोलीतला पंखा फिरत होता, एवढं मला आठवतं.

"मी आईचं नाव विचारलं. आपण लिहून ठेवतो ना, साहेबांनी सांगितलंय…" मावशीचा आवाज अगदी खाली आला. "ताई, एका नावाच्या छप्पन्न बायका असतात जगात. पण तिनं सांगितलं ते नाव… तुमचं होतं. आडनावासकट."

माझी लेक जिवंत होती. तिचं मूलही होतं. जे ऐकायला मी इतकी वर्षं कान टवकारून बसले होते, ते मला मिळालं होतं, आणि तिच्या लेखी मी कधीच मेलेली होते.

मी विचारलं, "रडत होती का गं?"

"नाही हो." मावशीनं मला बरं वाटावं म्हणून घाईघाईनं मान हलवली. "छान बोलत होती. शांत. सगळं कधीच उरकून गेल्यासारखी. फोन ठेवताना म्हणाली, त्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज थेट माझ्या आईसारखा आहे. मी म्हटलं, आज बाई नव्हत्या, पुरुष होता वाचायला. मग म्हणाली… ताई, मला काही अर्थ लागला नाही याचा, मी फक्त सांगते. म्हणाली, मग ती माझ्या बाळाचंही नाव का घेत होती?"

मला पोचवलं तसं फोनमागे रडणाऱ्या त्या पोरालाही ती मनातून पोचवून बसली होती, हे मला तिथेच कळलं, आणि तेव्हापासून मी मृत्यू वाचते आणि श्वासही न घेता थेट हवामानावर उडी मारते.